बोरखडीचं पाणी

डाखरेभाऊंना चादरीच्या झोळीत घालून आम्ही चौघांनी गाडीत चढवलं, तेव्हा चंद्रपूरच्या त्या गल्लीतल्या भिंती हाताला चटके देऊ लागल्या होत्या. मे महिन्याची एकोणीस तारीख. निघायचं ठरलं होतं पहाटे चारला.

"किती वाजले बे?" झोळीतूनच त्यांनी विचारलं.

"होऊन रायले दहा," मी म्हणालो.

"खोटं कायले बोलतं, देविदास? साडेदहाची उमरेड गाडी लागली आत्ता. स्टँडवरचा भोंगा मले आयकू येते."

शेजारचे तिघे घाम पुसत खाली उतरले. मी भाऊंच्या मानेखाली उशी सारली, लघवीची पिशवी पलंगाच्या कडेला अडकवली, त्यांचे दोन्ही हात उचलून पोटावर ठेवले. हात थंड नव्हते, गरमही नव्हते. कुणीतरी विसरून ठेवल्यासारखे ते तिथे पडून राहिले.

बावीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. मला स्टिअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं. चार वर्षांपूर्वी गच्चीवरची टाकी भरली का ते बघायला शिडीवर चढले आणि शिडीसकट खाली आले. मान मोडली. तेव्हापासून खांद्याखालचं शरीर त्यांचं राहिलं नव्हतं. लोकांना वाटायचं, हातपाय गेले एवढंच. पण भाऊंना मानेखाली घामही येत नव्हता. बाहेर उन्हाळा तापला की ते आतून दगडासारखे तापत. घरात दोन कुलर, अंगावर ओलं धोतर आणि दर अर्ध्या तासाला थर्मामीटर, असे त्यांचे चार उन्हाळे गेले होते. प्रणिताचं, त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न मुलाच्या गावी, आर्णीच्याही पुढे ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, यांना मे महिन्यात घराबाहेर काढू नका.

कुंदावहिनींनी, भाऊंच्या बायकोनं, ते मान्य केलं. प्रणिताही रडून मोकळी झाली. भाऊ तेवढे दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांना मोटरहोमबद्दल सांगितलं.

मी तेव्हा नागपूरच्या एका शेठकडे होतो. ताडोबाला वाघ बघायला येणाऱ्या हौशी लोकांसाठी त्यांनी एक मोटरहोम घेतलं होतं. आत पलंग, इवलंसं स्वयंपाकघर, मोरी, छतावर एसी, एसीसाठी मागे जनरेटर. मी तिचा ड्रायव्हर आणि मीच तिचा मेकॅनिक. शेठला मी सांगितलं, एक दिवस गाडी सर्व्हिसिंगला टाकतो. लग्नाचं सांगितलं असतं तर त्यांनी दिली नसती, हे मला ठाऊक होतं. गाडी आदल्या संध्याकाळी रिकामी व्हायची होती. पण त्या पार्टीला वाघ दिसला नाही, म्हणून ते अजून एक रात्र राहिले आणि सकाळी नऊला उतरले. सगळी मंडळी आदल्या दिवशीच लग्नघरी गेली होती, रात्री भाऊंपाशी शेजारी थांबले होते. भाऊंना आणायचं काम एकट्या माझ्याकडे होतं.

"भाऊ, दुपारचं जाणं हाये," मी म्हणालो. "अजूनही पाहा. वहिनींले फोन करतो."

"मुहूर्त कितीचा?"

"सहा अडतीस."

"मंग चाल."

"रस्त्यात काही झालं तर?"

त्यांनी मान वळवली. तेवढीच त्यांना वळवता येत होती. "आयक. काही झालं तरी गाडी फिरवायची नाही. मेलो तरी मांडवात नेऊन ठेवायचं. तोंड पाह्यलं तिनं तरी पुरे. बोल, हाव म्हण."

"काहीही बोलता भाऊ तुम्ही."

"हाव म्हण."

"हाव," मी म्हणालो.

*

आता त्या एसीचं सांगायला हवं. छतावरचा तो एसी चाळीस डिग्रीपर्यंत नेकीनं काम करायचा. चंद्रपुरात मे महिन्यात छेचाळीस-सत्तेचाळीस होतं. गाडीचं छत तापलं की वरची जाळी आतली उष्णता बाहेर टाकूच शकत नसे, आणि कॉम्प्रेसर तापून बंद पडे. मागच्या वर्षी पाहुण्यांची बोलणी खाऊन खाऊन मी एक तोड काढली होती. नर्सरीत रोपांवर धुकं सोडायला जे बारीक फवारे लावतात, तसले चार मी त्या जाळीपाशी बसवले. फवारणी पंपाची छोटी मोटर काढून शंभर लिटरच्या टाकीला जोडली. बटण दाबलं की जाळीवर धुक्यासारखं पाणी उडायचं, हवेतच वाळायचं आणि वाळता वाळता उष्णता घेऊन जायचं. घरच्या कुलरची तीच युक्ती, फक्त इथे गारवा एसीला द्यायचा. बाहेर छेचाळीस असलं तरी एसीला वाटायचं, छत्तीसच आहे. आतलं तापमान चांगलं सहा-सात डिग्रीनं उतरायचं.

तासाला वीस लिटर पाणी लागायचं. शंभर लिटरची टाकी भरलेली. पोचायला पाच तास. मधे कुठेतरी एकदा भरून घेऊ, असा माझा हिशेब होता.

पांढरकवड्यापर्यंत भाऊ खुशीत होते. त्यांच्या डोक्याशी खिडकी होती, पण पडून त्यांना तिच्यातून आभाळाच्या पट्टीशिवाय काही दिसत नव्हतं. तरी ते रस्ता बोलून दाखवत होते. गाडीला हिसका बसला की म्हणायचे, "वर्धा नदीचा पूल लागला." गाडी डावीकडे कलली की, "मारेगावचं वळण. इथं एक म्हैस आडवी आलती, शहाण्णव साली." मी पुढून ओरडून हो म्हणायचो. एकदाही चुकले नाहीत.

"प्रणितानं शालू कोणत्या रंगाचा घेतला रे?"

"मले काय मालूम भाऊ. वहिनी बोलल्या होत्या, हिरवा."

"हिरवा तिले शोभत नाही. तिच्या मायच्या डोक्यातला असंन." मग थोड्या वेळानं, "शोभतही असंन म्हना. चार वर्षं झाली, म्या तिले उभ्यानं पाह्यली नाही. खालून वरतं पाह्यलं की मानूस येगळंच दिसते."

पांढरकवडा सोडल्यावर रस्ता खराब झाला. एकच्या सुमारास मागून आवाज बदलल्यासारखा वाटला. जनरेटर चालू होता, पण एसीची घरघर नव्हती. मी गाडी कडेला घेतली. बाहेर पाय टाकला तर डांबर चपलेला चिकटलं. छतावर चढून पाहिलं, पाइपाचा सांधा निसटला होता. फवाऱ्यांकडे थेंबही जात नव्हता. टाकीतलं पाणी कितीतरी वेळापासून रस्त्यावर सांडत आलं होतं. टाकी कोरडी. कॉम्प्रेसरला हात लावला तर बोट भाजलं.

खाली उतरून आत आलो. थर्मामीटर भाऊंच्या काखेत घातला. एकशे दोन.

"काय झालं?"

"पाइप निसटला. लावतो आत्ता."

पाइप लावायला पाच मिनिटं लागली. पाणी कुठून आणणार? प्यायचा वीस लिटरचा जार होता. त्यातलं अर्धं मी भाऊंच्या अंगावर ओतलं, धोतर भिजवून पसरलं, पुठ्ठ्यानं वारा घातला. धोतर डोळ्यांदेखत वाळलं. गाडीच्या आत आता एक्केचाळीस झाले होते. मी स्टिअरिंगवर बसलो आणि गाडी पिटाळली. पहिल्या गावापर्यंत पाच किलोमीटर असतील. त्या पाच किलोमीटरमध्ये भाऊ बोलायला लागले, पण माझ्याशी नाही.

"कंडक्टर! बेल कोनं मारली? उतरव त्याले. इथं स्टॉप नाही."

"भाऊ, मी देविदास."

"स्टॉप नाही म्हनतो ना! पोरीचं लगन हाये गाडीत!"

आरशात पाहिलं, त्यांचे डोळे वर फिरले होते.

*

गावाचं नाव बोरखडी. वेशीवरच एक मोठा लिंब, आणि त्याच्या सावलीला ओळीनं उभे निळे प्लास्टिकचे ड्रम. साठ-सत्तर तरी असतील. प्रत्येक ड्रमच्या झाकणाला कडी आणि कडीला कुलूप. टँकर बाराला येऊन गेला होता. पाच-सहा बाया अजून तिथेच बसल्या होत्या.

मी उतरून धावत गेलो. "मावशी, पाणी पायजे."

एक म्हातारी उठली. उंच, हाडकुळी, कपाळावर गोंदण. "प्यायले?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण लागणारं पाणी प्यायचं म्हणण्याइतकं थोडं नव्हतं. "नाही. गाडीच्या एसीवर मारायले."

बायांमध्ये एकदम गलका झाला. एक तरुण बाई उठून पुढे आली. "एसीवर? एक दिवसाआड टँकर येते इथं. लेकरं आंघोळीबिगर हायेत. अन् तुमाले एसीवर पानी माराले पायजे? जा, नागपूरले जाऊन मारा!"

"आत मानूस हाये," मी म्हणालो. "मरून रायला. या, पाहा तुम्ही."

म्हातारीनं माझ्याकडे रोखून पाहिलं. मग पदर खोचला आणि गाडीत चढली. तिच्यामागे ती तरुण बाईही आली. दारातून गरम वाफ अंगावर आली, तशी ती मागे सरली. म्हातारी मात्र पलंगाशी गेली. भाऊंच्या कपाळावर हात ठेवला आणि झटकन काढला.

"भट्टीवानी तापला की. याले घाम काऊन नाही?"

"येत नाही त्याईले. मान मोडली. घामच येत नाही."

"अन् असा घेऊन कुठं चालला याले?"

मी उत्तर द्यायच्या आत भाऊंनी डोळे उघडले. कुठून शुद्ध आली कोण जाणे. ओठ फुटले होते. "माय," ते म्हणाले, "पोरीचं लगन हाये."

"कुठं?"

"आर्णीच्या पुढं."

"कवा?"

"आज. सांजच्याले."

म्हातारी वळली. खाली उतरली, गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात अडकवलेली किल्ली काढली, एका ड्रमापाशी बसून कुलूप उघडलं. घागरीएवढा गुंड बुडवला आणि भरून माझ्या हातात दिला. दुसरा भरला. ड्रममधलं पाणी निम्म्यावर आलं, तेव्हा तिनं मागे वळून बाकीच्यांकडे नुसतं पाहिलं. ती भांडलेली तरुण बाई तोंड फिरवून उभी होती. मग तीही आपल्या ड्रमापाशी गेली. एकेक कुलूप उघडलं. टाकी भरायला किती गुंड लागले ते मी मोजलं नाही. प्रत्येक गुंड मी गाळून घेत होतो, कारण पाण्यात गाळ होता आणि फवाऱ्यांची भोकं सुईएवढी. गाळायला दुसरं काही नव्हतं, म्हणून लग्नात भाऊंच्या खांद्यावर टाकायला आणलेला नवा शेला घेतला. तो पिवळा पडला.

बटण दाबलं. वर धुकं उडालं. दोन-तीन मिनिटं काहीच झालं नाही. मग एसी खरखरला आणि चालू झाला. छतावरून उडालेले तुषार खाली उभ्या पोरांच्या तोंडावर पडले. पोरं ओरडत नाचायला लागली. एका बाईनं आपल्या पोराला हाताला धरून बाजूला ओढलं.

म्हातारी परत आत आली. ओल्या पदरानं तिनं भाऊंचं तोंड पुसलं, मान पुसली, कानामागे पुसलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण जिथं त्यांना कळत होतं, तेवढंच तिनं पुसलं. पाऊण तास ती तिथेच बसून होती. भाऊंचा ताप शंभरवर आला. आतलं तापमान सव्वीसवर.

"आता बरं वाटते?"

"माय, तुमचं पानी गेलं," भाऊ म्हणाले.

"जाऊ दे. परवा येईन टँकर." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "याले लग्नाले पोचव, बापू. कोठी थांबू नको."

मी खिशात हात घातला, तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी हात तसाच बाहेर काढला. तिचं नावही मी विचारलं नाही.

*

अडीचला निघालो. आता काळजी नव्हती. एसी इतका छान चालला होता की भाऊंनीच सांगितलं, जरा कमी कर. ते बोलत होते. प्रणिता लहान असताना तिला एसटीच्या बॉनेटवर बसवून ते आगारातून फिरवून आणायचे, तेव्हाचं सांगत होते. एकदा साहेबानं पाहिलं आणि मेमो दिला. "मेमो देल्ला त लेकीनं त्याचं विमान केलं," ते म्हणाले आणि हसले. चार वर्षांत त्यांचं हसणं मी ऐकलं नव्हतं. "पोचू ना रे आपन?"

"पावनेपाचले मांडवात. कपडे बदलाले टाईम हाये."

"शेला त खराब केला तू."

"दुसरा घेऊ आर्णीत."

घाटंजी दिसायला लागली आणि माझा फोन वाजला. नागपूरचे शेठ. मी गाडी हळू केली.

"देविदास, गाडी कुठे आहे?"

"सर्व्हिसिंगला, शेठ."

"कुठल्या गॅरेजला? उद्या सकाळी मुंबईची पार्टी आहे. मोठी माणसं आहेत. गाडीला काही झालं, तर याद राख. डाग नको, वास नको, काही नको. समजलं?"

"हो शेठ."

"आवाज का येतोय? गाडी चालू आहे का?"

"ट्रायल घेतोय," मी म्हणालो. फोन बंद झाला.

आरशात पाहिलं. भाऊंचे डोळे मिटलेले होते. झोपले असतील, किंवा नसतील. दुपारी ते डोळे वर फिरवून पडले होते, तेच मला दिसायला लागलं. इथून पुढे पन्नास किलोमीटर. आर्णीत मोठं इस्पितळ नाही. पुन्हा पाइप निसटला तर? लग्नघरात, तीनशे माणसांसमोर, या पलंगावर? पंचनामा होणार, पोलीस विचारणार, गाडी कुणाची, कुणाच्या परवानगीनं आणली.

घाटंजीच्या पुढे तिठा आहे. डावीकडे आर्णी, उजवीकडे यवतमाळ. यवतमाळला मोठं सरकारी इस्पितळ.

मी उजवीकडे वळलो.

वळण अगदी अलगद घेतलं. भाऊंनीच शिकवलं होतं, मागचं माणूस जागं होऊ नये असं वळवायचं. एखादा किलोमीटर गेलो असेन. ऊन आतापर्यंत समोरून येत होतं, ते डाव्या खिडकीवर आलं. पडद्याच्या फटीतून त्याचा एक पट्टा भाऊंच्या गालावर पडला. मी आरशातून पाहत होतो. त्यांनी डोळे उघडले. त्या पट्ट्याकडे पाहिलं. मग छताकडे.

"देविदास."

"जी भाऊ."

"आर्णी किती रायली?"

गाडी थांबवायला जागा होती. फिरवायलाही होती. रस्ता मोकळा होता, घड्याळात सव्वातीन होते.

"चाळीस किलोमीटर," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले.

त्यानंतर एक नाला लागला, एक घाट लागला, दोन वळणं लागली. भाऊंनी कशाचंच नाव घेतलं नाही.

*

यवतमाळच्या इस्पितळात उष्माघाताचे रोगी जमिनीवर झोपवले होते. एक तरुण डॉक्टर गाडीत येऊन भाऊंना बघून गेला.

"ताप शंभर. बीपी बरं आहे. काय त्रास होतोय, काका?"

"काही नाही," भाऊ म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडे वळला. "मग आणलंत कशाला?"

मी दुपारचं सांगितलं. त्यानं मान हलवली आणि चार तास देखरेखीखाली ठेवू म्हणाला. वॉर्डात नेलं. वॉर्डात कुलर होते, पण पाण्याविना फिरत होते. अर्ध्या तासात भाऊंचा ताप एकशे दोनवर गेला. तोच डॉक्टर धावत आला आणि मलाच ओरडला, "तुमच्या गाडीत एसी आहे ना? मग यांना इथे का ठेवलंय? गाडीतच ठेवा!" कागद, सह्या, स्ट्रेचरची वाट बघणं, यात सहा वाजून गेले. भाऊ परत त्याच पलंगावर आले, गाडी इस्पितळाच्या आवारात, आणि वर तेच धुकं उडत होतं.

साडेचारलाच मी कुंदावहिनींना फोन करून सांगितलं होतं, एसी बंद पडला, भाऊ बेशुद्ध झाले, यवतमाळला आणलं. त्या रडल्या. मग म्हणाल्या, "जीव तरी वाचवला तुम्ही, भाऊजी. मी म्हनतच होती, नका आनू."

सहा चाळीसला त्यांचाच फोन आला. "त्यांच्या कानाले लावा. मंगलाष्टकं चालू हायेत."

मी फोन भाऊंच्या कानाशी धरला. गर्दी, बँड, गुरुजींचा घोगरा आवाज, कुणीतरी अक्षता मागत होतं. हे सगळं मला बाजूला उभ्यानंही ऐकू येत होतं. भाऊ छताकडे पाहत होते. एक मंगलाष्टक झालं.

"काढ," ते म्हणाले.

मी फोन काढला.

"पानी किती उरलं टाकीत?"

मला खोटं सुचलं नाही. "अर्धी टाकी."

"अर्धी," ते म्हणाले.

बाहेर दिवे लागले. त्यांना पाणी पाजलं, कुशीला वळवलं. वळवल्यावर त्यांचं तोंड भिंतीकडे झालं. एरवी तासाभरानं ते स्वतःच सांगायचे, आता सरळ कर. त्या दिवशी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

*

चौथ्या दिवशी प्रणिता आणि जावई चंद्रपूरला आले. मला जेवायला बोलावलं होतं. मी जाणार नव्हतो, पण कुंदावहिनींनी दोनदा फोन केला. गेलो तर घरात पंधरा-वीस माणसं. प्रणिता हिरवाच शालू नेसली होती. ती थेट माझ्यापाशी आली आणि सगळ्यांच्या देखत माझ्या पायाशी वाकली.

"काका, तुम्ही होते म्हनून बाबा वाचले."

जावयानंही पाया पडून घेतलं. कुणी म्हणालं, असा माणूस मिळत नाही. कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी भाऊंकडे पाहिलं. ते त्यांच्या खाटेवर होते, दोन कुलरच्या मधे. ओलं धोतर छातीपर्यंत. ते माझ्याकडेच पाहत होते.

मला वाटलं, आता बोलतील. खरं तर मला तेच हवं होतं.

"बाई," भाऊ प्रणिताला म्हणाले, "एसीच बंद पडला, त त्याच्या हातात काय होतं? त्यानं लय केलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बस. जेव."

मी जेवलो. श्रीखंड होतं. प्रणितानं आग्रह करून दोनदा वाढलं.

मी त्यांचा जीव वाचवायला वळलो नव्हतो. तो वाचलेलाच होता, बोरखडीच्या बायांनी वाचवला होता. माझ्या ताब्यातल्या गाडीत प्रेत नको होतं, एवढंच. त्यासाठी मी एका माणसाकडून त्यानं जगाकडे मागितलेली एकमेव गोष्ट काढून घेतली आणि तो माणूस मला सगळ्यांसमोर झाकून गेला. हे स्वतःशी असं सरळ म्हणायला मला बरीच वर्षं लागली. शेठला गाडीचं कधीच कळलं नाही. मुंबईची पार्टी खूश होऊन गेली.

भाऊ त्यानंतर तीन वर्षं आठ महिने जगले. प्रणिता दर दिवाळीला यायची. तिला मुलगी झाली, तिला भाऊंच्या छातीवर झोपवायचे. त्यांना ते वजन कळत नव्हतं, फक्त दिसत होतं. मी दर रविवारी जाऊन त्यांची दाढी करायचो. अंग पुसायचो, पाठ बघायचो, जखम झाली का ते. खोलीत आम्ही दोघंच असायचो, तासन् तास. ते पिकाचं विचारायचे, एसटीच्या संपाचं विचारायचे, माझ्या घरचं विचारायचे. एका जानेवारीत, चांगल्या थंडीच्या दिवसांत, छातीत कफ साठून ते गेले.

त्या तिठ्याचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला वाटतं. पण तेही खरं असेलच, असं नाही.